‘अब्बा, बापा’ ही हाक विदर्भातल्या खेड्यांत कशी रुजली

आमच्या विदर्भातल्या ख्रिस्ती घरांत प्रार्थनेला बसलेली जुनी माणसं ‘हे सर्वसमर्थ परमेश्वरा’ अशी सुरुवात क्वचितच करतात. ती ‘बापा’ म्हणतात. ‘बापा, अजून पानी नाही आलं, तुले ठाऊकच हाये.’ एवढं बोलून दुसऱ्या विषयाकडे वळतात. पेरलेलं बी मातीत पडून आहे, दुबार पेरणीला हातात पैसा नाही, तरी त्या आवाजात घाई नसते. लहानपणी मला वाटायचं, यांना चिंताच नाही. मोठेपणी कळलं, चिंता पुरेपूर आहे, पण ती कोणापुढे ठेवायची हे यांचं कधीच ठरून गेलेलं आहे.

ही हाक आपल्या मातीत आपोआप उगवलेली नाही. तिचं मूळ येशूचा प्रेषित पौल याने रोमच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या, बायबलातल्या पत्रात आहे. इ.स. ५७च्या सुमाराचं हे पत्र. त्याच्या आठव्या अध्यायात पौल सांगतो की पुन्हा भीत जगावं असा दासपणाचा आत्मा तुम्हाला मिळालेला नाही, दत्तकपणाचा मिळाला आहे, आणि म्हणून आपण ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतो. रोमच्या वाचकाला दत्तक म्हणजे काय ते समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांच्या कायद्यात दत्तक गेलेल्याचा जुन्या घराशी संबंध संपे, जुनी देणी मिटत आणि नव्या बापाच्या मालमत्तेवर पोटच्या मुलाइतकाच हक्क येई. पत्र पोचलं तेव्हा गादीवर असलेला नीरो हा स्वतःच दत्तक घेतलेला होता. दासाला मात्र उद्याची शाश्वती नसे, मालक कधीही विकू शके.

‘अब्बा’ हा अरामी शब्द, येशूच्या बोलीतला. मार्कच्या शुभवर्तमानात तो येशूच्याच तोंडी येतो, आणि तोही गेथशेमाने बागेत, पकडले जाण्याच्या रात्री. हा प्याला, म्हणजे समोर आलेलं दुःख, दूर कर, अशी विनंती त्याच हाकेला जोडून आहे. प्याला दूर झाला नाही, येशू क्रूसावर गेला, हे आपण सगळे जाणतो. देवाच्या प्रीतीतली सुरक्षितता म्हणजे संकट टळणं, असं जे आजकाल सर्रास सांगितलं जातं, त्याला या एका प्रसंगापुढे उभं राहता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे शब्द मराठीत आले त्यात विदर्भाचाही हात आहे. पहिलं मराठी शुभवर्तमान छापलं गेलं ते बंगालमधल्या सेरामपूरला: १८०५ साली मत्तय आणि १८११ साली पूर्ण नवा करार. ते काम करणाऱ्या मिशनरी विल्यम केरींना मराठी शिकवणारे, कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातले मुख्य मराठी पंडित वैजनाथ, हे नागपूरचे. आपल्याकडे मिशनरी येऊन स्थिरावण्याच्या चाळीस वर्षं आधीच आपल्याकडची मराठी या कामाला लागली होती, याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढे भाषांतरं बदलली, सुधारली. आज उपासनेत वाचतो त्या बायबलात देवाच्या प्रेमासाठी ‘प्रीती’ हा शब्द आहे. वऱ्हाडातला माणूस घरात ‘प्रीती’ बोलत नाही, तो ‘माया’ बोलतो. पण ‘बापा’ या हाकेला भाषांतर लागलं नाही. ती थेट ओसरीवर आली.

नागपूरला १८४५ साली मिशनरी स्टीफन हिस्लॉप आले. ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. दोनच वर्षांपूर्वी, १८४३मध्ये, तिथल्या चारशेहून अधिक पाळकांनी सरकारमान्य चर्च सोडलं होतं आणि त्याबरोबर हक्काचं वेतन व राहती घरंही. ज्यांनी स्वतःची निश्चिती अशी दारात ठेवून दिली, त्या मंडळीने हा माणूस पाठवला होता. त्यांच्या चर्चचं विश्वासपत्र, म्हणजे काय मानायचं ते सांगणारा मजकूर, वेस्टमिन्स्टरचं, स्कॉटलंडने १६४७ साली स्वीकारलेलं. त्यातला बारावा अध्याय पूर्णपणे दत्तकपणावर आहे, सतरावा विश्वासणारे शेवटपर्यंत टिकून राहतात यावर आणि अठरावा त्या खात्रीवर. थोडक्यात शिकवण अशी की लेकराने बापाचं बोट धरलेलं नसतं, बापाने लेकराचं मनगट धरलेलं असतं. बोट सुटू शकतं, धरलेलं मनगट सुटत नाही.

त्याच नागपुरात डिसेंबर १८५३मध्ये तिसरे रघूजी भोसले पुत्र नसताना वारले. डलहौसीने दत्तक वारस मानला नाही आणि १८५४ साली राज्य खालसा केलं. ज्या शहरात दत्तकाचा हक्क एका हुकमाने पुसला गेला, तिथेच मिशनच्या शाळेत वाचल्या जाणाऱ्या पुस्तकात दत्तकपणाचं वचन होतं, आणि ते कोणत्याही लाटसाहेबाला खालसा करता येणारं नव्हतं. विदर्भातल्या ख्रिस्ती विश्वासाचा इतिहास सांगताना या दोन गोष्टी शेजारी ठेवायला हव्यात.

हिस्लॉप यांचा शेवटही इथलाच. १८६३च्या सप्टेंबरात ते बोरीजवळच्या टाकळघाटला जुनी शिळावर्तुळं पाहायला गेले. तिथली शाळा तपासायला मागे राहिले आणि संध्याकाळी परतताना पुराच्या पाण्यात वाहून गेले. पावसाळ्यात आपल्याकडचे नाले काय करतात हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. देवाने मनगट धरलेलं असतं असं शिकवणारा माणूस नाल्यात बुडाला, आणि तरी मंडळी विखुरली नाही. मृत्यू, जीवन, वर्तमानातल्या वा भविष्यातल्या गोष्टी, यांतलं काहीही आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकत नाही, असं त्याच आठव्या अध्यायाच्या शेवटी लिहिलेलं आहे. त्या यादीत मृत्यूचं नाव पहिलं आहे. पाळकांनी हे मुद्दाम दाखवून द्यावं, असं मला नेहमी वाटतं.

खेड्यांपर्यंत हा विश्वास पोचला तो मात्र दुष्काळाच्या वाटेने. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ वऱ्हाडाने पाहिले. १८९१मध्ये २९ लाखांच्या आसपास असलेली वऱ्हाडची वस्ती १९०१च्या शिरगणतीत साडेसत्तावीस लाखांवर उतरली. अकोला भागात अलायन्स मिशनने अनाथाश्रम काढले. आईबाप गेलेली मुलं तिथे वाढली, आणि आजच्या कित्येक ख्रिस्ती घराण्यांची सुरुवात त्या मुलांपासून होते. त्यांच्यासाठी दत्तकपणा हा धर्मशास्त्रातला मुद्दा नव्हता, तो संध्याकाळचं जेवण होता. अचलपूर-परतवाड्याकडे कोठाऱ्याला महारोग्यांसाठी मिशनचं काम उभं राहिलं. घरच्यांनी बाहेर काढलेल्याला कोणी ‘आमचा’ म्हणावं, याची किंमत बाहेरून लावता येत नाही.

याच काळात नागपूरकडून राजनांदगावला जाणाऱ्या रेल्वेत मराठी कवी नारायण वामन टिळकांना एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला. साल १८९३. डोंगरावरचं प्रवचन वाचल्यावर पुस्तक खाली ठेवता आलं नाही, असं त्यांनीच पुढे सांगितलं. १८९५च्या फेब्रुवारीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी ख्रिस्ताला ‘माउली’ म्हटलं, अभंग लिहिले, टाळ-मृदंगाची वाट चर्चमध्ये मोकळी केली. स्कॉच पंथाने ‘बाप’ दिला आणि टिळकांनी त्याला मराठी आईपण दिलं. आमच्या भजनांतली ऊब बरीचशी तिथली.

यवतमाळ भागात आले फ्री मेथडिस्ट, १८६० साली अमेरिकेत स्थापन झालेले. त्यांचे पूर्वज म्हणजे मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली. वेस्लींच्या शिकवणीतली खात्रीही रोमकरांच्या आठव्या अध्यायावरच उभी, पण त्यांचा भर पुढच्या पायरीवर. दत्तक घेतलेलं मूल बापासारखं दिसू लागलं पाहिजे. योहानाच्या पहिल्या पत्रातली भीती घालवून देणारी ‘पूर्ण प्रीती’ याच आयुष्यात मिळवण्याची गोष्ट आहे, असं वेस्ली शिकवत, आणि विश्वासापासून घसरणंही शक्य मानत. म्हणजे नागपूरकडून ‘तू सुरक्षित आहेस’ आणि यवतमाळकडून ‘तू वाढ’ असे दोन सूर विदर्भात आले. जुन्या पाळकांत यावरून वाद झाले असतील-नसतील, गावातल्या आज्यांनी दोन्ही एकाच प्रार्थनेत घेतले.

मिशनने दवाखाने, शाळा, वसतिगृहं दिली. त्याबरोबर एक सवयही दिली: मिशन मायबाप. कंपाउंडच्या आत नोकरी, घर, लग्नसुद्धा. त्या भिंतीने पुष्कळांना जगवलं हे खरं, आणि पुष्कळांची वाढ भिंतीइतकीच राहिली हेही खरं. १९५४ साली, विदर्भ मध्य प्रदेशात असताना, सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला नियोगी समिती नेमली. १९५६च्या तिच्या अहवालाने धर्मांतरामागे आमिष असल्याचा ठपका ठेवला. आरोप दुखावणारा होता. पण ‘मी देवाचा की मिशनच्या भाकरीचा?’ हा प्रश्न प्रत्येक घराला स्वतःला विचारावा लागला, आणि तो विचारला गेला हे मला आवश्यक वाटतं. दलित घरांतून आलेल्या ख्रिस्ती लोकांना १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. तरीही ज्यांनी ‘ख्रिस्ती’ हे नाव सोडलं नाही, त्यांना भाकरीसाठी आलेले म्हणणं अन्यायाचं आहे.

हळूहळू परदेशी मिशनरी गेले. यवतमाळला १९५३मध्ये सुरू झालेली, पाळक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३मध्ये पुण्याला हलली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. गावची मंडळी आपल्या पायावर उरली. कंपाउंडची आस संपली आणि पाठोपाठ कापसाचे पडते भाव, कर्ज, बोंडअळी आली. २००६मध्ये ज्या सहा जिल्ह्यांसाठी केंद्राला पॅकेज द्यावं लागलं, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ होते. जिथे मिशनची कामं उभी होती, तेच हे जिल्हे.

इफिसकरांच्या पत्रात ‘प्रीतीत मुळावलेले’ असा शब्द आहे. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लावणाऱ्याला तो लगेच कळतो. पहिले काही आठवडे रोप वर फारसं सरकत नाही, सोटमूळ मात्र खाली जात राहतं. पावसाने ओढ दिली की कळतं कोणाचं मूळ कुठवर गेलं आहे.

आमच्या नात्यातल्या एका काकूंची प्रार्थना मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे. आधी तिच्यात फक्त त्यांचं वावर असायचं. मग लेकीसुना, मग गाव. शेजारच्या शेतकऱ्याशी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्यांचं भांडण झालेलं, दोन वर्षं बोलणं बंद. त्याचं नाव त्या प्रार्थनेत कधी आलं नव्हतं. ज्या वर्षी अळी पडली, त्या वर्षी एका बुधवारी त्या थांबल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, ‘त्याचीबी पऱ्हाटी वाचव, बापा.’