नवा अँप्लिफायर घेण्याआधी

"आवाजात मजा येत नाही, वरचं मॉडेल दाखवा," असं म्हणत बरेच ग्राहक दुकानात येतात. वरचं मॉडेल आमच्याकडे असतंच, आणि ते विकण्यावरच आमचं पोट आहे. तरी पैसे मोजायच्या आधी हे वाचा.

५० वॉटचा अँप्लिफायर काढून १०० वॉटचा लावला, तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. फ्लॅटच्या हॉलमध्ये एवढा आवाज केलात, तर खालच्या मजल्यावरचे काका वर येतील.

बहुतेक वेळा दोष खोलीचा असतो. टाइल्सची फरशी, कोऱ्या भिंती, मोठी काच, यांवर आपटून आवाज परत फिरतो आणि गायकाचे शब्द पुसट होतात. सतरंजी किंवा गालिचा अंथरा, खिडकीला जाड पडदा लावा, पुस्तकांचं कपाट असेल तर ते मोकळ्या भिंतीकडे सरकवा. स्पीकर कोपऱ्यात ठेवले की डग्गा नुसता घुमतो, त्याची मींड कळत नाही. ते भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे ओढून बघा. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढंच तुमच्या खुर्चीपासून प्रत्येक स्पीकरचं असावं, आणि ट्वीटर (स्पीकरमधला बारीक, उंच सुरांचा छोटा भाग) बसल्यावर कानाच्या उंचीला यावा. शोकेसच्या वरच्या फळीवर, गणपतीशेजारी ठेवलेल्या स्पीकरकडून फार अपेक्षा करू नका!

एकाच स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली असेल, तर बास गायबच होतो. हे घरच्या घरी तपासता येतं. वायर तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटरची असली की घरातल्या चार-पाच मीटरला पुरते. त्याहून महागडी वायर आम्ही सुचवत नाही.

दोन सिस्टीमची तुलना करायची तर दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या. जी किंचित मोठी वाजते तीच कानाला चांगली वाटते, आणि दुकानदारांना हे चांगलं ठाऊक असतं (आम्हालाही). कुठली चालू आहे ते न पाहता ऐका. फरक सांगता आला नाही, तर पैसे खिशातच राहू द्या.

बडा ख्याल चालू असताना तुमचं लक्ष गायकाकडे राहत असेल, हात सारखा बास-ट्रेबलकडे जात नसेल, तर तुमची सिस्टीम चांगली आहे. सारखं काहीतरी नवं जोडून पाहण्यातच मजा येत असेल, तर तो वेगळा छंद आहे. तोही जरूर करा, फक्त त्याला शेवट नसतो हे धरून बजेट ठरवा.

काही वेळा मात्र खर्च करावाच लागतो. जुन्या स्पीकरच्या कडेचा फोम काही वर्षांत भुसभुशीत होऊन गळतो, दमट हवेत लवकरच. मग आवाज फाटतो. पण तेवढ्यासाठी स्पीकर टाकू नका, कडा नवी बसवता येते. रेकॉर्ड प्लेअरची पिन ५०० ते १००० तास वाजल्यावर बदलावी, नाहीतर झिजलेली पिन रेकॉर्डच खरवडते. बटण फिरवताना खरखर येत असेल, तर बहुतेक वेळा आत साफसफाई केली की भागतं.

येताना खोलीची लांबी-रुंदी, स्पीकर ठेवलेल्या जागेचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि तुमची नेहमीची दोन-तीन गाणी पेनड्राइव्हवर आणा. ऐकून बघण्याचे पैसे पडत नाहीत.