गाणं कुठून आत येतं, कुठून बाहेर पडतं

दोन म्युझिक प्लेअर शेजारी ठेवले की आधी आतल्या डॅकची, म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या चिपची चर्चा सुरू होते. मला ती चर्चा नेहमी चुकीच्या टोकाकडून सुरू झाल्यासारखी वाटते. गाणं यंत्रात कुठून येतं आणि कुठून बाहेर पडतं, यानेच इथे आवाजाची मर्यादा बहुतेक वेळा ठरवली आहे.

१९९८ साली कोरियातल्या सेहान कंपनीचा एमपीमॅन आणि अमेरिकेतल्या डायमंडचा रिओ पीएमपी ३०० बाजारात आले. दोन्हींत जागा ३२ एमबी. सीडीवरचा आवाज सेकंदाला १,४११ किलोबिट खातो; म्हणजे सीडी जशीच्या तशी उतरवली, तर एवढी जागा तीन मिनिटांत भरते. म्हणून एमपी३. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि सहकाऱ्यांनी रुजवलेल्या या पद्धतीत मोठ्या आवाजाआड दडणारे बारीक आवाज गाळून टाकतात, कारण कानाला ते तसेही उमगत नाहीत. १२८ किलोबिटला त्याच ३२ एमबीत चौतीस मिनिटं बसली. एखादा ऐसपैस विलंबित ख्याल घातला की डबा भरला! शिवाय गाळण एवढी बारीक झाली की झांज पाण्याखाली वाजल्यासारखी होते, ते वेगळंच. रिओत गाणी भरायची ती प्रिंटरच्या पोर्टमधून. रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने रिओला कोर्टात खेचलं, पण १९९९ मध्ये निकाल रिओच्या बाजूने लागला आणि बाकीच्यांना वाट मोकळी झाली.

२३ ऑक्टोबर २००१ रोजी जाहीर झालेल्या ॲपलच्या आयपॉडचं चाक सगळ्यांना आठवतं. पण खरी करामत त्याच्या वायरीत होती. तोशिबाची १.८ इंची, पाच जीबीची हार्ड डिस्क भरायची, तर त्या वेळचं यूएसबी सेकंदाला १२ मेगाबिटचं. अगदी कागदावरच्या वेगानेही जवळजवळ तास लागायचा, प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त. आयपॉडचं फायरवायर पोर्ट होतं ४०० मेगाबिटचं. हजार गाणी दहा मिनिटांच्या आत, असा ॲपलचा दावा होता. पण हे पोर्ट मुख्यतः मॅकवर. सुरुवातीला आयपॉड विंडोजवाल्यांसाठी नव्हताच.

आपल्याकडे बहुतेकांच्या हाती आयपॉड आलाच नाही. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड द्यायचं, 'जुनी मराठी भर, थोडी नवीन हिंदी' असं सांगायचं, आणि काउंटरमागचा मुलगा कॉम्प्युटरवरून अख्खं फोल्डर ओतायचा. नाहीतर दोन फोन चिकटवून ब्लूटूथने एकेक गाणं घ्यायचं. फाइल लहान तर काम पटकन, म्हणून दर्जाची चौकशी कोणी करत नसे. मीही केली नाही.

पुढे जागा स्वस्त झाली. २००१ मध्येच आलेलं फ्लॅक, ज्यात काहीच गाळलं जात नाही, खिशात मावू लागलं. आत येण्याची वाट रुंद झाली, तोवर बाहेरची अरुंद झाली: २०१६ च्या आयफोन ७ मधून हेडफोनचं भोकच गेलं. ब्लूटूथच्या मूळ एसबीसी कोडेकवर, म्हणजे आवाज दाबून पाठवण्याच्या पद्धतीत, सेकंदाला साधारण ३२८ किलोबिटच जातात. आधीच एमपी३ असलेलं गाणं तिथे दुसऱ्यांदा गाळलं जातं, आणि प्लेअरमधला डॅक तर वापरलाच जात नाही, कारण आता तो कानातल्या बोंडात असतो. सोनीचं एलडॅक हे कोडेक ९९० किलोबिटपर्यंत जातं. तेही सीडीच्या १,४११ पेक्षा कमीच, आणि दोन्ही टोकांना एलडॅक असेल तरच.

२०१२ च्या ॲस्टेल अँड कर्न या ब्रँडपासून आलेल्या महागड्या प्लेअरांनी मात्र वायर सोडली नाही. मग लोकांना त्यांतच स्ट्रीमिंग हवं झालं, म्हणून वाय-फाय आणि अँड्रॉइड आलं. पण नेहमीच्या सेटिंगमध्ये अँड्रॉइड सगळे आवाज एकत्र मिसळताना सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेला आवाज बहुधा ४८ वर नेऊन ठेवतं. तो टप्पा टाळायला या कंपन्यांना सॉफ्टवेअरमध्ये वेगळा आडरस्ता काढावा लागला.