कोटणीसांपासून करमाळ्यापर्यंत: सोलापूर आणि दिग्दर्शन

सोलापूर आधी पडद्यावर आलं ते एका माणसाच्या रूपानं. इथे १९१० मध्ये जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. चारच वर्षांनी व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला. दिग्दर्शन केलं आणि कोटणीसांची भूमिकाही स्वतःच केली. शहराला अभिमान वाटावा असंच ते काम. पण भाषा हिंदी आणि सांगणारा कोल्हापूरचा. या मातीतला माणूस कॅमेऱ्यामागे यायला आणखी जवळपास तीस वर्षं लागली.

तो माणूस म्हणजे जब्बार पटेल. जन्म पंढरपूरचा, शाळा सोलापुरातली हरिभाई देवकरण. पुढे पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेऊन ते बालरोगतज्ज्ञ झाले. त्यांचा हात बसला तो नाटकावर. १९७२च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये माणसांची एक रांगच पडदा होते, भिंत होते, गर्दी होते. इतक्या जणांना एका तालात हलवायचं आणि तरी प्रेक्षकाची नजर हवी तिथेच धरून ठेवायची, याहून मोठी तालीम दिग्दर्शकाला कुठली मिळणार? त्यांच्या ‘सामना’ या चित्रपटात निळू फुले आणि श्रीराम लागू समोरासमोर बसून बोलतात आणि साखर कारखान्याच्या सत्तेचं सगळं वजन त्या दोन चेहऱ्यांवर येतं. कॅमेरा कुठेही मिरवत नाही. हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, मूळचे कवी. विद्यार्थिदशेत केलेल्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटानं त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. मग २०१३चा ‘फँड्री’. त्यातला जब्या साकारणारा सोमनाथ अवघडे करमाळ्याजवळच्या केमचा, हलगी वाजवणारा पोरगा. डुक्कर पकडायची धावपळ चालू असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि अख्खं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं. संवाद एकही नाही. कुणाला कुठे उभं करायचं आणि किती वेळ थांबायचं, एवढ्यावर तो प्रसंग उभा आहे. दिग्दर्शनाची ओढ लागते ती अशा जागांमुळेच.

२०१६चा ‘सैराट’ खुद्द करमाळा परिसरात चित्रित झाला. नायिका अकलूजची रिंकू राजगुरू, तोवर कॅमेऱ्यासमोर कधी न आलेली. तिची बोली घासूनपुसून प्रमाण करायची नाही, हा निर्णयही दिग्दर्शनाचाच. कोटणीसांच्या वेळी जे घडलं नव्हतं ते इथे घडलं: माणसं इथली, रानं इथली, भाषा इथली आणि सांगणाराही इथलाच.

हीच गोष्ट २०१८च्या हिंदी आवृत्तीत उदयपूरला गेली. दिग्दर्शक नेमकं काय करतो, हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्यानं हे दोन चित्रपट लागोपाठ पाहावेत.