संगणकाशी बुद्धिबळ खेळताना: आमच्या वर्गातील मुलांच्या पालकांसाठी

"मोबाइलवर पाचवी लेव्हल हरवतो, मग स्पर्धेत पहिल्याच फेरीत कसा हरतो?" वर्ग सुटताना दारात हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. म्हणून हे पत्रक.

लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर संगणकाच्या 8 लेव्हल आहेत आणि त्या सगळ्यांमागे स्टॉकफिश हे एकच इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम आहे. लेव्हल उतरवली म्हणून ते नवशिक्यासारखा विचार करत नाही. ते पुढचे कमी बघते आणि मधूनच मुद्दाम कमअस्सल चाल निवडते. त्यामुळे दहा चाली झकास खेळून अकराव्या चालीला घोडा फुकट देऊन टाकते. मुलाला मग त्या घोड्याची वाट बघत बसायची सवय लागते. समोर बसलेला माणूस मात्र घाईने चुकतो, हावरेपणाने चुकतो, घड्याळाकडे बघून चुकतो.

माणसासारखा चुकणारा गडी हवा असेल तर लिचेसवरच 'माया' नावाचे बॉट, म्हणजे आपोआप खेळणारे संगणकी खेळाडू आहेत. साधारण 1100, 1500 आणि 1900 रेटिंगचे (खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) लोक कशी चाल खेळतात, हे खऱ्या डावांवरून त्यांना शिकवले आहे. लिचेस पूर्ण मोफत आहे, जाहिरातीही नाहीत. पैसे भरून दुसरे काही घ्या, असे आम्ही सांगणार नाही.

मग पूर्ण ताकदीचे इंजिन कशाला? 1997 साली जगज्जेता कास्पारोव्ह डीप ब्लू या संगणकाशी हरला. आज खिशातल्या फोनवरचे स्टॉकफिश त्याहून कितीतरी बलवान आहे. त्याच्याशी सुरुवातीपासून डाव मांडण्यात अर्थ नाही. जिंकलेली स्थिती मात्र त्याच्याविरुद्ध जरूर खेळावी. राजा आणि हत्ती आपल्याकडे, त्याच्याकडे एकटा राजा. चाल आपली असेल आणि अचूक खेळलो, तर जास्तीत जास्त 16 चालींत मात होते. हत्तीऐवजी वजीर असेल तर 10. पन्नास चालींच्या नियमामुळे (दोघांच्या पन्नास-पन्नास चालींत काही मारले नाही आणि प्यादे हलले नाही, तर बरोबरी) जिंकलेला डाव बरोबरीत सुटतो, तेव्हा मुलांचे चेहरे बघवत नाहीत. हा सराव कंटाळवाणा आहे, मान्य. आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटे पुरे.

'चाल मागे घ्या' हे बटण वापरू देऊ नका. स्पर्धेत हात लावलेला मोहरा खेळावाच लागतो. शक्य तर शेजारी खरा पट मांडून त्यावर चाली करायला लावा. पडद्यावर दिसणारे कर्ण पटावर सहज दिसत नाहीत.

डाव संपल्यावर लगेच इंजिन लावायचे नाही. आधी मुलाने स्वतः शोधावे, डाव कुठे फिरला आणि तेव्हा मनात काय होते. ते वहीत लिहून झाले की मग इंजिनचे मत. उलट क्रमाने केले तर पोर मान डोलावते आणि विसरते.

वर्गाला येताना हरलेले दोन डाव लिहून आणा. जिंकलेले आणले नाहीत तरी चालेल.