शोकांतिकेची गाठ: पार्श्वभूमी

चढत जाणारा संघर्ष, मग शिखर, मग उतार. शोकांतिकेचा हा पिरॅमिड इतका घोटला गेलाय की तो ग्रीकांचाच वाटतो. पण तो मांडला गुस्ताव फ्रायटाग या जर्मन लेखकाने, १८६३ साली. पाच अंकांचा दंडकही रोमन कवी होरेसचा. इसवी सनपूर्व पाचव्या शतकातल्या अथेन्सच्या नाटकांत अंक नव्हतेच.

तिथे होता कोरस, गाणारा आणि नाचणारा ताफा. त्याच्याशी बोलायला सुरुवातीला एकच नट. दुसरा नट एस्किलस या नाटककाराने आणला, तिसरा सोफोक्लीस या नाटककाराने, असं ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल सांगतो. नाटकाचे भागही कोरसवरूनच पडत. तो येण्याआधीचा प्रोलॉगोस, येतानाचं गाणं पारोडोस, दोन गाण्यांमधले संवाद म्हणजे एपिसोड (मालिकांचा एपिसोड मूळचा इथला), आणि शेवटच्या गाण्यानंतरचा एक्सोडोस.

नट मोजकेच असल्याने कोण कधी तोंड उघडतो, यालाच वजन यायचं. एस्किलसच्या 'ओरेस्टेया' (इ.स.पू. ४५८) या नाट्यत्रयीतलं दुसरं नाटक पाहा. पायलाडीस हा मित्र ओरेस्टीसच्या मागे नाटकभर मुका उभा. बापाच्या खुनाचा सूड घ्यायला आलेल्या ओरेस्टीसला तो खून करणारी आईच आपली छाती दाखवते, तसा त्याचा हात थबकतो. "पायलाडीस, काय करू?" पायलाडीस बोलतो, फक्त तीन ओळी: अपोलो देवाच्या आज्ञेचं मग काय? संपलं. आईला आत नेलं जातं.

सोफोक्लीस गेला इ.स.पू. ४०६ मध्ये, ॲरिस्टॉटल जन्मला ३८४ मध्ये. म्हणजे त्याचं शास्त्र नाटकांच्या मागून आलं. त्याच्या मते नाटकात आधी गाठ बसते, मग सुटते. आणि उत्तम कथानकात कलाटणी व ओळख (खरं काय ते उमगणं) एकदमच येतात. दाखला सोफोक्लीसच्या ईडिपस राजाचा. आपण कोरिंथच्या राजाराणीचं पोर, असं तो समजतो. कोरिंथचा दूत चांगली बातमी घेऊन येतो. राजा वारला, आता गादी तुझी. ईडिपसला मात्र 'तू आईशी लग्न करशील' या भविष्यवाणीची धास्ती. ती घालवायला हा म्हातारा दूत भाबडेपणाने सांगून टाकतो, अरे, ती तुझी आई नाहीच, घोटे टोचलेलं पोर मीच तिकडे नेऊन दिलं! त्याची बायको, आणि खरी आई, योकास्टाला सगळं आधी कळतं. पुढे विचारू नकोस, म्हणून ती विनवत राहते.

आपल्या 'शोकांतिका' या शब्दाने मात्र थोडा घोळ केलाय. अंती शोक हवाच, असं ग्रीकांचं नव्हतं. 'ओरेस्टेया'चा शेवट निर्दोष सुटकेने आणि मिरवणुकीने होतो. युरिपिडीसच्या एका नाटकात भावाचा बळी देण्याआधीच पुजारीण इफिजेनियाला त्याची ओळख पटते आणि दोघं निसटतात. ॲरिस्टॉटलने एके ठिकाणी अशाच रचनेला सर्वांत वरचा नंबर दिलाय.