जुनी फोर बाय फोर ट्रेलवर नेण्याआधी

गाडी जुनी फोर बाय फोर, म्हणजे इंजिनचा जोर चारही चाकांना देता येणारी. ट्रेलवर, म्हणजे कच्च्या डोंगरवाटेवर नेण्याआधी तिच्या मागच्या ॲक्सलखाली ट्रे सरकवला आणि ड्रेन प्लग सैल केला. गिअर ऑइल जुनं झालं की काळपट आणि दाट येतं. या वेळी आलं ते करडं, दुधाळ आणि फेसाळ. तेलात पाणी घुसळलं गेलं होतं. गाडी पहिल्या सेल्फला सुरू होत होती, रंग ताजा होता, टायर जाड नक्षीचे होते. बघणाऱ्याला वाटलं असतं, उद्याच डोंगरात न्यावी. पण चढणीचा सगळा भार ज्या दात्यांवर येणार होता, ते कोण जाणे किती दिवस त्या पाणीमिश्रित तेलात फिरत होते.

हे पाणी आत शिरतं कसं, याचं उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. ॲक्सलच्या मध्यावर डिफरन्शियल असतं, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणारी दातेरी चाकांची जुळणी. गाडी चालून चालून त्याचं हौसिंग, म्हणजे बाहेरचं बंद कवच, तापतं. आतली हवा समजा ८० अंश सेल्सिअसवर आहे आणि गाडी ओढ्याच्या २५ अंशांच्या पाण्यात उतरली. बंद जागेतल्या हवेचा दाब तिच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. तापमान ३५३ केल्विनवरून २९८ वर आलं, तर दाब साधारण १५ टक्क्यांनी घटतो. ही ओढ दीड मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उचलून धरू शकते. प्रत्यक्षात हौसिंग इतकं पटकन आणि पूर्ण थंड होत नाही, पण यातली थोडी ओढही पुरते. दाब सारखा राहावा म्हणून हौसिंगवर एक छोटा ब्रीदर, म्हणजे हवेची वाट, असतो. तो चिखलाने बुजला की हवा यायला वाट उरत नाही, आणि पाणी ऑइल सीलच्या कडेने आत खेचलं जातं. सील मुळात आतलं तेल बाहेर जाऊ नये म्हणून बसवलेलं असतं. बाहेरून येणारं पाणी अडवताना ते कमी पडतं.

यावरचा उपाय म्हणजे ब्रीदरला एक रबरी नळी जोडून तिचं टोक बॉनेटखाली उंचावर बांधायचं. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसलाही (पुढच्या-मागच्या ॲक्सलना जोर वाटणारी पेटी) तेच करायचं. जुन्या गाडीत करण्यासारखी इतकी साधी आणि इतकी उपयोगी सुधारणा मला दुसरी माहीत नाही. तरी लोक आधी गाडी उंच करतात आणि ब्रीदर तसाच राहतो.

जुन्या गाडीवर काम करताना दुरुस्ती आणि सुधारणा अशा दोन वेगळ्या याद्या करू नयेत, असं मला मनापासून वाटतं. पाट्यांच्या सस्पेन्शनचंच बघा. पाटे एकमेकांवर सरकतात, तेव्हाच ते वाकतात. मध्ये गंज आणि वाळू साचली की घर्षण वाढतं, छोट्या धक्क्याला पाटे हलतच नाहीत आणि गाडी दगडी ठोकळ्यासारखी उडते. मालकाला वाटतं, आता नवीन किट घालायला हवं. पण पाटे उतरवून, सुटे करून, घासून, ग्रीस लावून, नव्या बुश आणि शॅकल पिनांसह परत बसवले, तर तीच गाडी खड्ड्यात चाक खाली सोडायला लागते. ट्रेलवर चाक जमिनीला लागलेलं असणं ही अर्धी लढाई असते.

चेसिसबद्दल, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याबद्दल थोडक्यात, पण गांभीर्याने सांगतो. बंद पेटीसारख्या लोखंडी पट्ट्या बाहेरून दिसतात त्यापेक्षा आतून जास्त गंजतात, कारण पाणी निघून जाण्याची भोकं मातीने बुजतात आणि ओला चिखल महिनोन्महिने आतच राहतो. हातोडीने ठोकत जावं. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, गंजलेल्याचा बद्द. पाटे चेसिसला टांगणारे हँगर आणि स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतात, तिथे बद्द आवाज आला तर बाकीची सगळी कामं थांबवून आधी वेल्डिंग करून घ्यावं.

ब्रेक ऑइलचंही तसंच. नेहमीचं डॉट ३ किंवा डॉट ४ ऑइल हवेतलं बाष्प शोषून घेतं. मानकाप्रमाणे ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की ही किमान मर्यादा १५५ वर येते. लांब उतारावर ब्रेक दाबून धरला की कॅलिपरजवळचं तेल उकळतं आणि त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. मग पेडल सरळ तळाला जातं. जुनी गाडी घेतल्यावर या तेलाचं वय विचारत बसू नये, बदलूनच टाकावं.

आता जमिनीवरची पकड. यात सगळ्यात मोठा फरक पडतो तो टायरमधली हवा कमी केल्याने, आणि त्याला काहीच विकत घ्यावं लागत नाही. एका चाकावर ४०० किलो भार आहे असं धरा. टायरमध्ये ३५ पीएसआय हवा असेल, तर जमिनीला टेकलेला भाग ढोबळमानाने १६० चौरस सेंटीमीटर असतो. १८ पीएसआयवर तो जवळपास दुप्पट होतो. टायरच्या भिंतीही थोडा भार उचलतात, म्हणून हिशेब तंतोतंत जुळत नाही, पण दिशा तीच राहते. वाढ मुख्यतः लांबीत होते, रुंदीत कमी. वाळूत चाक रुतायचं कमी होतं, आणि खडकावर रबर टोकाभोवती गुंडाळून बसतं. ताठ टायर त्याच टोकावर उडी मारतो आणि घसरतो. मात्र हवा फार कमी केली तर वळताना टायर रिममधून निसटू शकतो. आणि डांबरी रस्त्यावर परतताना हवा भरायलाच हवी, कारण मऊ टायरच्या भिंती वेगात सतत दुमडत राहतात, तापतात आणि शेवटी फाटतात.

पकड मिळाली की प्रश्न येतो जोर किती आणि किती हळू लावायचा याचा. १९४१ सालच्या विलीस जीपमध्ये फक्त ६० अश्वशक्तीचं इंजिन होतं. पण वेग कमी करून जोर वाढवणारी गुणोत्तरं अशी होती: पहिला गिअर २.६६५, ट्रान्सफर केसचा लो (हळू चालीचा) गिअर १.९७ आणि ॲक्सल ४.८८. या तिन्हींचा गुणाकार होतो सुमारे २५.६. इंजिनचा १४२ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) चाकांपाशी हिशेबाने साडेतीन हजारांच्या पुढे जातो, आणि इंजिन मिनिटाला १,००० फेऱ्यांवर असताना गाडी ताशी पाचेक किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीने सरकते. आजच्या काही खास ट्रेलच्या गाड्यांत हा आकडा ८० च्या पुढे गेलाय. दगडांतून गाडी काढायला वेग लागत नाही. चाक दगडाला टेकलं आहे, चढतं आहे, पलीकडे उतरतं आहे, हे सीटवर बसून समजावं इतक्या हळू ते फिरायला हवं.

मोठे टायर घालताना हाच गुणाकार विसरला जातो. २९ इंची टायर काढून ३३ इंची घातले, तर डिफरन्शियल चार नाही, दोनच इंच वर जातं, कारण त्रिज्या तेवढीच वाढते. बदल्यात चाकाशी मिळणारा जोर १२ टक्क्यांनी घटतो. २५.६ चं गुणोत्तर २२.५ असल्यासारखं वागतं. ब्रेकचंही तेच होतं, कारण डिस्कवर तेवढाच टॉर्क लागतो पण चाकाची त्रिज्या वाढलेली असते. स्पीडोमीटर खरा वेग ६८ असताना ६० दाखवतो. म्हणजे एका टायरपायी ॲक्सलचे क्राऊन-पिनियन (ॲक्सलचं गुणोत्तर ठरवणारी दातेरी चाकांची जोडी) बदलावे लागतात आणि ब्रेकही. हे सगळं करायची तयारी असेल तर मोठे टायर जरूर घालावेत. नाहीतर कंपनीच्या मापापेक्षा एकच पायरी मोठे घ्यावेत आणि हवेचा गेज जवळ ठेवावा.

डिफरन्शियलची गोष्ट मात्र सावकाश समजून घेण्यासारखी आहे. वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणं हे त्याचं काम. त्यासाठी साधं डिफरन्शियल दोन्ही बाजूंना नेहमी सारखाच टॉर्क देतं. हा सारखेपणाच ट्रेलवर अडचणीत आणतो. एक चाक हवेत लटकलं की त्याला फिरवायला जवळपास शून्य टॉर्क लागतो, आणि म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळपास शून्य मिळतो. फोर बाय फोर लावलेलं असूनही, पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी उचललं गेलं तर गाडी जागेवर उभी राहते आणि ती दोन चाकं गरगरत राहतात.

यावरचा उपाय म्हणजे डिफरन्शियलमधला लॉकर. तो दोन्ही बाजूंच्या चाकांचे शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडतो. मग हवेतलं चाक जमिनीवरच्या चाकाच्याच वेगाने फिरतं, आणि सगळा टॉर्क ज्याच्याकडे पकड आहे त्याच्याकडे जातो. पण हिशेब इथे संपत नाही. एरवी जो टॉर्क दोन शाफ्टमध्ये वाटला जायचा, तो आता एकावर येतो. तीस वर्षं जुन्या शाफ्टच्या खाचांमध्ये बारीक तडे असतील, तर तो नेमका चढणीच्या मध्यावर तुटतो. म्हणून लॉकर बसवायला ॲक्सल उघडलाच आहे, तर शाफ्ट बाहेर काढून स्वच्छ पुसावेत आणि खाचा भिंगाखाली बघाव्यात. खाचा सरळ असायला हव्यात. त्या दोरीच्या पिळासारख्या किंचित वळलेल्या दिसल्या, तर पोलाद आपली मर्यादा आधीच ओलांडून बसलंय. तो शाफ्ट परत घालू नये.

गाडी उंच करण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: हे काम सगळ्यात शेवटी. उंची वाढली की चढावर-उतारावर गाडीचं पुढचं-मागचं टोक जमिनीला न लागण्याचे कोन सुधारतात आणि पोट दगडाला घासत नाही, हे खरं. पण ॲक्सल जिथे होता तिथेच राहतो, आणि गुरुत्वमध्य वर जातो. दोन चाकांमधलं अंतर १४५ सेंटीमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ७० असेल, तर कागदावर गाडी ४६ अंशांना कलंडते. गुरुत्वमध्य ८ सेंटीमीटर वर नेला की ४३ अंशांना. तीन अंश किरकोळ वाटतात, पण कागदावरचा आकडा स्थिर गाडीचा आहे. आडव्या उतारावर खालच्या बाजूचे पाटे दबतात, एखादं चाक खड्ड्यात जातं, टपावर सामान असतं. ४३ च्या खूप आधीच गाडी जायला लागते.

त्यात प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे ट्रान्सफर केसपासून ॲक्सलपर्यंत फिरणाऱ्या दांड्याचा कोनही वाढतो. त्याच्या टोकाचा क्रॉस जॉइंट (कोनातही फिरू देणारा सांधा) कोनात फिरला की एका फेरीत दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो. १० अंशांच्या कोनात हा फरक दीड टक्का असतो, २५ अंशांत तो १० टक्क्यांपर्यंत जातो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर एकाची चूक दुसरा भरून काढतो. नसतील, तर ती थरथर आधी पायाखाली जाणवते, मग क्रॉसच्या बेअरिंगच्या सुया झिजतात आणि पिनियनचं सील गळायला लागतं. ते गळकं सील ओढ्यात उतरलं की पुढे काय होतं, ते सुरुवातीला सांगितलंच आहे.

त्या दुधाळ तेलाच्या ॲक्सलमध्ये मी नवी सीलं आणि नवं तेल घातलं, ब्रीदरची नळी वर बांधली आणि गाडी ट्रेलवर नेली. वाटेत दोन ओढे लागले. परतल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्रे सरकवला. तेल स्वच्छ आलं. प्लगच्या चुंबकावर करड्या लोखंडी चुऱ्याचा पातळ लेप होता, दात्यांच्या नेहमीच्या झिजेचा. बोटांच्या चिमटीत चोळून पाहिला. मऊ लागला, टोचणारा एकही कण नव्हता. चुंबक पुसला, प्लग परत आवळला.