वाडे गेले, भूखंड राहिले: पुण्याच्या पेठांतील पुनर्विकासाची पार्श्वभूमी

शनिवार किंवा नारायण पेठेतील एखाद्या गल्लीत उभे राहून दोन्ही बाजूंच्या इमारती पाहिल्या, तर त्यांची रांग एका रेषेत नसल्याचे लगेच ध्यानात येते. नवी बांधलेली इमारत रस्त्यापासून काही फूट मागे सरकलेली असते, शेजारचा वाडा दगडी जोत्यासह जुन्याच जागी उभा असतो आणि त्याच्या पलीकडची इमारत पुन्हा मागे असते. रस्तारुंदीची रेषा विकास आराखड्यात कैक वर्षांपूर्वी आखली गेली, पण ती जमिनीवर उतरते ती एकेका मिळकतीचे बांधकाम नव्याने होईल तेव्हाच. पेठांमध्ये आज चाललेला पुनर्विकास समजून घ्यायचा तर इमारतींपेक्षा त्यांच्याखालच्या भूखंडांकडे आधी पाहावे लागते. इमारती बदलल्या, भूखंडांची आखणी, त्यांवरचे हक्क आणि वाद मात्र बव्हंशी तसेच राहिले.

ही आखणी मुख्यतः अठराव्या शतकातली आहे. कसबा पेठ त्याहून जुनी. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० साली झाली, पुण्याला राजधानीचे महत्त्व आले आणि पुढच्या काही दशकांत एकामागून एक पेठा वसल्या. नव्या पेठेत वस्ती व्हावी म्हणून व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना सवलती दिल्या जात. रस्त्याला लागून दर्शनी बाजू मिळणे मोलाचे असल्याने अनेक भूखंड तोंडाला अरुंद आणि आत खोल असे झाले. त्यांवर उभ्या राहिलेल्या वाड्यांची रचना या आकाराला अगदी साजेशी होती. बाजूची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला लागून असे, आणि उजेड व वारा मधल्या चौकातून येई. दिंडी दरवाजा, ओसरी, चौक, माजघर आणि मागे परसू, असा तो क्रम होता. सागवानी खांब आणि तुळया, खांबांखाली बैठकीचे दगडी तळखडे, वर कडीपाट म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचे छत, अशा बांधणीमुळे भिंत पडली तरी सांगाडा पुष्कळदा उभा राहत असे.

इथेच आजच्या अडचणीचे एक मूळ आहे. सध्याच्या बांधकाम नियमांची मूळ कल्पना अशी की, इमारतीभोवती मोकळी जागा सोडायची आणि उजेड-वारा त्या जागेतून घ्यायचा. ही कल्पना नव्या उपनगरातल्या भूखंडाला मानवते. दर्शनी रुंदी जेमतेम वीस-पंचवीस फूट असलेल्या मिळकतीत कडेची जागा सोडली, रस्तारुंदीसाठी पुढची दिली आणि तळमजल्यावर वाहने उभी करायला वाट काढली, तर जिना आणि लिफ्ट बसवल्यावर घरासाठी उरते ते फारच थोडे. पेठांमधल्या वास्तुविशारदांचा बराचसा वेळ या कागदावरच्या झटापटीत जातो, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

दुसरे मूळ भाडेकरारात आहे, आणि माझ्या मते तेच अधिक खोल आहे. पेशवाईनंतर वाड्यांची मूळ कुटुंबे वाढली, वाटण्या झाल्या, उत्पन्नासाठी खोल्या भाड्याने दिल्या गेल्या आणि एका वाड्यात दहा-पंधरा बिऱ्हाडे नांदू लागली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरांची टंचाई तीव्र झाली. मुंबई प्रांताने १९४७ साली भाडेनियंत्रण कायदा केला आणि प्रमाण भाडे, म्हणजे मालकाला कायद्याने घेता येणारे कमाल भाडे, १ सप्टेंबर १९४०च्या पातळीशी बांधून टाकले. त्या वेळी हा कायदा आवश्यकच होता. त्याने हजारो कुटुंबांना डोक्यावर छप्पर दिले. परंतु तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत पन्नास वर्षे टिकला. मालकाच्या हाती येणारे भाडे छपराची कौले शाकारायलाही पुरेनासे झाले, आणि भाडेकरूला आपण घर सोडले तर पुन्हा शहरात जागा मिळणार नाही ही रास्त भीती राहिली. दुरुस्ती कोणीच करेना. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अन्यायकारक ठरल्याचे म्हटले, आणि त्यानंतर आलेल्या, ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने दरवर्षी चार टक्के वाढीची मुभा दिली. मूळ रक्कमच इतकी लहान होती की या वाढीने वाड्याचे नशीब पालटणे शक्य नव्हते.

मधल्या काळात १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही फुटले आणि मुठेच्या पाण्याने नदीकाठच्या पेठांमधले मातीचे वाडे अक्षरशः विरघळवले. पूरग्रस्तांसाठी शहराबाहेर नव्या वसाहती उभ्या राहिल्या आणि पेठांमधल्या मोकळ्या झालेल्या जागांवर सिमेंटच्या इमारती आल्या. याच सुमारास फ्लॅटची मालकी ही कल्पना कायद्यात रुजत होती: सहकारी संस्थांचा कायदा १९६०चा, फ्लॅटच्या विक्रीचे नियमन करणारा १९६३चा आणि अपार्टमेंटचा १९७०चा. वाड्याच्या जागी इमारत बांधून जुन्या भाडेकरूला त्यात मालकीचा फ्लॅट देणे, ही आज सर्वपरिचित असलेली पद्धत या कायद्यांमुळेच शक्य झाली. तीनचार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या त्या पहिल्या पिढीच्या इमारतीही आता जुन्या झाल्या असून, पेठांबरोबरच डेक्कन, एरंडवणे आणि कोथरूड भागांत त्यांचाच पुनर्विकास सध्या जोरात आहे. तिथे अडचण तुलनेने कमी, कारण रहिवासी स्वतःच मालक असतात आणि संस्थेच्या सभेत बहुमताने निर्णय होऊ शकतो.

वाड्यात मात्र तसे बहुमत चालत नाही. बुधवार पेठेतल्या भिडे वाड्याचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा जिथे सुरू केली, त्या जागेचे राष्ट्रीय स्मारक व्हावे याविषयी दुमत नव्हते. तरीही तिथल्या भाडेकरूंशी चाललेला वाद न्यायालयात बराच काळ रेंगाळला आणि मोडकळीस आलेली वास्तू डिसेंबर २०२३ मध्ये पाडली गेली, तोपर्यंत तिच्यात जतन करण्यासारखे फारसे उरले नव्हते. स्मारकासाठीच्या जागेची ही गत, तर सामान्य कुटुंबाच्या वाड्याची काय असेल?

शनिवारवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करण्यास २०१०च्या कायदादुरुस्तीने बंदी घातली आणि पुढच्या दोनशे मीटरांत परवानगी सक्तीची केली. स्मारकाचे रक्षण हवेच, यात शंका नाही. पण शंभर मीटरच्या आतल्या कुटुंबाला दुरुस्तीसाठीसुद्धा परवानगी घ्यावी लागते आणि पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतीची नोटीसही येते, हे दोन्ही एकाच वेळी घडते.

२९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला आणि कसबा पेठ व मंडई ही स्थानके थेट जुन्या पुण्याच्या पोटात उघडली. मेट्रोच्या आसपास जादा चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात अधिक बांधकाम करण्याची मुभा, देण्याचे धोरण असल्याने विकसकांचे लक्ष इकडे वळले आहे. मात्र मंजूर चटईक्षेत्र अरुंद भूखंडावर प्रत्यक्ष उतरवता येत नाही. ते उतरायचे तर शेजारच्या तीनचार मिळकतींनी एकत्र यावे लागते आणि त्यासाठी प्रत्येक मिळकत पत्रिकेवरचे (जागेच्या मालकीच्या सरकारी नोंदीतले) सगळे वारस शोधून त्यांच्या सह्या मिळवाव्या लागतात. एखादा वारस नागपूरला, दुसरा परदेशात, तिसऱ्याच्या नावाची नोंदच झालेली नाही, हे नेहमीचे चित्र आहे. भाडेकरूंच्या बाजूलाही कागद अपुरेच असतात. भाडेकरूला नव्या इमारतीत द्यायच्या कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार नोंदवताना पत्र्याच्या पेटीतून आजोबांच्या नावाच्या पिवळ्या पडलेल्या भाडेपावत्या बाहेर येतात, आणि नातवाचे त्या खोलीवरचे नाते सिद्ध करण्याचे काम तिथून सुरू होते.